कारण : फिरायला

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली, त्यातली बरीचशी शहापूर-किन्हवली-मुरबाड या एकाच रस्त्यावर. त्या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या. एक गुडघेदुखी, आणि दुसरी म्हणजे आधी माणसाच्या हातातल्या पासाकडे बघायचं आणि मग तोंडाकडे, ही सवय. पासावर फोटो मोठ्या बहिणीचा आणि प्रवास करणारी धाकटी. पास संपून आठ दिवस झालेले आणि नेमका तारखेवर अंगठा धरलेला. सगळे प्रकार बघून झालेत. घरात बायको म्हणते, देवळात प्रसाद दिला तरी हा माणूस तो उलटा करून बघेल. बघेनच. न बघता तोंडात टाकणारे पुष्कळ आहेत.

आमचा पाडा किन्हवलीपासून थोडा आत, टेकडीच्या अंगाला. पाड्याच्या खाली जो माळ आहे, जिथं आमच्या लहानपणी गुरं चरायची, त्यावर काही वर्षांपूर्वी एक वॉटर पार्क उभं राहिलं. निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या, लाटा येणारं तळं, आणि मधोमध एक भलामोठा आकाशपाळणा. शनिवार-रविवारी कल्याण-मुंबईच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. वाऱ्याची दिशा तशी असली तर पोरांचा आरडाओरडा आमच्या ओटीवर बसून ऐकू येतो.

आमचं भाताचं शेत आहे पार्कच्या पलीकडे, ओहोळाला लागून. तिकडे जाणारी पायवाट त्या माळावरून जाते, म्हणजे आता ती पार्कातून जाते. माझ्या आजानं याच वाटेनं नांगर खांद्यावर नेला, बापानं नेला. ही वाट बंद झाली तर टेकडीला वळसा घालून तासभर चालायचं, आणि डोक्यावर भाताचा भारा असेल तर त्याच्या दुप्पट. आमच्या वयात तसं शेत फार दिवस होणार नाही, ते पडीक पडेल आणि पडीक शेताला गिऱ्हाईक लगेच येतं. वाटेचा कागद आमच्याकडे नाही. पायवाटेचा कागद आमच्याकडे कधी कुणी केलाच नाही. कुंपण घालताना पार्कवाल्यांनी वाटेच्या दोन्ही टोकांना बुटकी लाकडी फाटकं ठेवली, त्यांना कुलूप नव्हतं. लोक म्हणाले, बरी माणसं आहेत. मी फाटकाची कडी नीट बघितली. तिला कुलूप बसेल अशी भोकं होती.

मग पास आले. एके सकाळी पार्कचे मॅनेजर साहेब स्वतः पाड्यावर आले आणि म्हणाले, आजूबाजूच्या प्रत्येक घराला वर्षाचे दोन पास, मोफत. हिरवं कार्ड, त्यावर फोटो. वर्षभर हव्या तितक्या वेळा यायचं, हव्या त्या पाळण्यात बसायचं.

"याच्या बदल्यात काय?" मी विचारलं.

"काही नाही बाबा," साहेब हसून म्हणाले. "शेजारधर्म."

शेजारधर्म हा शब्द ऐकला आणि माझी खात्री पटली की पाणी कुठंतरी मुरतंय. फॉर्मवर बारीक इंग्रजी होतं. तो मी शहापूरला नेऊन कचेरीबाहेर टायपिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून वाचून घेतला. तो म्हणाला, दारू पिऊन येऊ नये, साडी नेसून घसरगुंडीवर बसू नये, सामान हरवल्यास पार्क जबाबदार नाही. आणि वाटेबद्दल? वाटेबद्दल अक्षर नाही म्हणाला. मला तेच जास्त खटकलं.

कारण एक गोष्ट मी नोकरीत शिकलो होतो. पास प्रवाशाला लागतो. ज्याची गाडी असते त्याला पास लागत नाही. आपल्याच वाटेवर आपण पास दाखवून चालायला लागलो की वाट त्यांची झाली आणि आपण प्रवासी झालो. मग एखाद्या वर्षी पास नाही दिला की संपलं. हे मी बायकोला नीट उकलून सांगितलं. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"मंग घेऊ नका पास," ती म्हणाली.

"न घेऊन कसं गो? आत त्यांचं काय चाललंय ते कलाया नको?"

"मंग घ्या."

ती अशीच आहे, नाकासमोर चालणारी. तिनंही फोटो दिला, फॉर्मवर सही केली, तिचंही कार्ड आलं. तिनं ते कुठं ठेवलं ते मी तेव्हा विचारलं नाही.

असा मी उतारवयात वॉटर पार्कचा नियमित पासधारक झालो. वार बुधवार ठरवला, कारण बुधवारी गर्दी नसते, आणि गर्दीत काही लपवलेलं असलं तर दिसत नाही. गेटवर शेजारच्या पाड्यातली एक मुलगी गार्डच्या गणवेशात बसायची. आमची हिरवी कार्डं तिच्या मशीनमध्ये वाचली जात नव्हती, म्हणून स्थानिकांसाठी तिनं एक जाड वही ठेवली होती. नाव, गाव, वेळ, कारण आणि सही. पहिल्या दिवशी कारणाच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. नजर ठेवायला आलो असं तर लिहिता येत नाही. मी लिहिलं, फिरायला.

पहिले दोन बुधवार मी सगळीकडे फिरलो. पंपाची खोली बघितली, कुंपणाचे खांब मोजले, माळ्याला हटकून विचारलं की इकडे नवीन काही बांधणार आहेत का. घसरगुंडीवरून शहरातली जाडजूड माणसं किंकाळ्या मारत खाली येत होती आणि पुन्हा जिना चढत होती. तिसऱ्या बुधवारी माझं लक्ष आकाशपाळण्याकडे गेलं. पोलिस जसे जत्रेत मचाणावर बसतात तशी ती जागा होती. हौसेनं चढलो नाही, एवढं मी स्वतःला बजावलं.

पाळणा वर गेला आणि सगळा मुलूख उघडा झाला. आमचा पाडा, कौलं, पलीकडे ओहोळ, आमची खाचरं. आणि कुंपणाच्या आतून, पार्कच्या कडेनं जाणारी आमची वाट, केसांतल्या भांगासारखी सरळ. दोन्ही फाटकं दिसली. आणि शेडच्या मागं, खालून कधीच दिसले नसते असे, लोखंडी खांब रचून ठेवलेले दिसले. नवे कोरे. मी खाली आलो आणि पाळणा चालवणाऱ्या माणसाला म्हटलं, आणखी एक फेरी.

तो माणूस भला होता. चालू करायच्या आधी एक घंटी द्यायचा. मी त्याला सांगितलं, एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल, साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेव्हापासून तो माझ्यासाठी दोन द्यायला लागला. बुधवारी मी दिसलो की लांबूनच म्हणायचा, "या मास्तर, तुमची शीट मोकली हाय." खरं सांगायचं तर पुढंपुढं मला त्या पाळण्याची गोडी लागली. वरच्या टोकाला तो क्षणभर रेंगाळतो तेव्हा पोटात जे होतं त्याची मी मंगळवारपासून वाट बघायचो. घरी मात्र सांगायचो की कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

त्या पावसाळ्यात आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, माणसं मिळेनात. पाड्यातली तरणी मंडळी सगळी आसनगावहून लोकल धरून कामाला जातात, चिखलात उतरायला सवड कुणाला? राबातली रोपं पिवळी पडायला लागली. पावसानं पार्क चार दिवस बंद होतं, तेव्हा मॅनेजर साहेबांनी आपली दहा माणसं आमच्या शेतात धाडली. सगळ्यांच्या अंगात सारखे निळे शर्ट. रोपं वाकडीतिकडी लावली, पण दिवस मावळायच्या आत लावून संपवली. आणि जाताना बांधावर उभं राहून फोटो काढले. माझ्या डोक्यात तो फोटो बसला. आमच्या शेतात त्यांची माणसं, त्यांचे शर्ट. हा फोटो कधी, कुणाला दाखवणार आहेत?

बायकोच्या डोक्यात वेगळंच.

"धा मानसांची सावड झाली," पाय धुता धुता ती म्हणाली. "फेडाया लागल."

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. त्यात मजुरी नसते, दिवसाला दिवस असतो. कुणाची दहा माणसं एक दिवस आली तर त्या घरी आपले दहा दिवस जायला हवेत, नाही गेले तर पाड्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. पण ही गोष्ट पार्कला लावणारी बाई साऱ्या तालुक्यात हीच एक असणार.

"अगो, ती कंपनी हाय," मी म्हटलं. "कंपनीची कसली सावड?"

"चिखलात मानसं उतरली. कंपनी कुठं उतरली?"

भात कापून झालं आणि तिनं बुधवार धरले. सकाळी कोयता घेऊन निघायची. मी गेटनं आत जायचो, वहीत सही करायचो, पाळण्यात बसायचो, आणि वरून बघायचो. ती वाटेवर वाकलेली असायची, काय करते ते एवढ्या लांबून नीट कळत नव्हतं. तिसऱ्या का चौथ्या बुधवारी एक गोष्ट दिसली. ती सरळ उभी राहिली, पार्ककडे तोंड केलं आणि हात वर केला. दोनदा. मग पुन्हा वाकली. मी मान वळवून बघितलं. पाळण्याच्या अगदी पायथ्याशी मॅनेजर साहेबांचं काचेचं ऑफिस होतं.

पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी तेच. दोनदा हात, ऑफिसच्या दिशेनं.

आता मनात काय काय आलं ते लपवत नाही. मला वाटलं, हिला त्यांनी गोड बोलून कशाला तरी तयार केलंय. दोन पैसे देऊन रोजावर ठेवली असेल, आणि एकदा का ती त्यांची कामगार झाली की वाट सोडल्याचा कागद करून घ्यायला कितीसा वेळ. भोळी बाई, सही मागितली की देते. चाळीस वर्षांच्या संसारात जिनं मला एकदाही फसवलं नाही तिच्यावर मी पाळत ठेवत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"आज कोन भेटला?" मी संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोन भेटनार? गवत भेटला."

मला ते पटलं नाही. ती पाण्याला गेली असताना मी तिची ट्रंक उघडून बघितली. कागद नव्हता. पण तिचं हिरवं कार्डही नव्हतं. म्हणजे कार्ड ती सतत बरोबर बाळगते, फाटकावर दाखवते, असा मी हिशोब बसवला. जी गोष्ट होऊ नये म्हणून मी जिवाचं रान करत होतो तीच माझ्या घरातून होत होती.

थंडीच्या अखेरीला ते लोखंडी खांब शेडमागून हलले आणि वाटेच्या कडेला येऊन पडले. मी दुसऱ्या दिवशी शहापूर गाठलं आणि वहिवाटीच्या रस्त्याचा अर्ज केला. महिन्याभरानं मंडळ अधिकारी बाई जागेची पाहणी करून पंचनामा करायला आल्या. पाडा जमला, मॅनेजर साहेब आले. मी धुतलेली पांढरी टोपी घालून पुढं उभा. एवढी वर्षं संशय घेतला त्याचं आज चीज होणार असं वाटत होतं.

साहेब शांतपणे बोलले. आम्ही कुणाला अडवलेलं नाही. पण जुनी वाट आता वापरात नाही. स्थानिक लोक मुख्य गेटनं येतात, त्यांना पास दिलेत, पुढंही देऊ. म्हणून तिथं पक्कं कुंपण घातलं तर कुणाची अडचण होणार नाही. आणि त्यांनी ती जाड वही बाईंच्या हातात दिली.

बाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मी मान पुढं केली. प्रत्येक पानावर माझीच सही. एकतीस वर्षांत घोटलेलं माझं स्वच्छ कंडक्टरी अक्षर, एक ओळ वाकडी नाही. कारण : फिरायला. फिरायला. फिरायला. पाड्यातल्या बाकीच्यांनी फार तर दोन-चारदा पास वापरला होता. त्या वहीचा पोशिंदा मीच होतो. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी माझा धोंडा दर बुधवारी पार्कात नेऊन पाळण्यात बसवून फिरवला होता.

"बाबा, सही तुमचीच ना?" बाईंनी विचारलं.

"माझीच."

"मग वाटेनं जातं कोण?"

"शेतात आता ही जाते," मी बायकोकडे बोट केलं. बोट केलं आणि लगेच पस्तावलो. कार्ड फाटकावर दाखवत होते असं ती आता सांगणार, आणि वाट गेली.

"मावशी, पास आहे तुमच्याकडे?"

"हाय."

"आणा बघू."

ती घरात गेली आणि देवाच्या फोटोमागून कार्ड काढून घेऊन आली. बाईंनी ते उन्हात धरलं. वरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा काढलेला नव्हता.

"वापरला नाही कधी?"

"येल कुठं मिलाला? आनि श्यातावर जायाला पास कशाला लागतो?"

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चला, दाखवा वाट."

सगळे निघालो. मी त्या वाटेवर बऱ्याच दिवसांनी पाय ठेवत होतो. पाळण्यातून नुसती रेघ दिसायची ती वाट हातभर रुंद, दोन्ही बाजूंचं गवत मुळापासून कापलेलं, करवंदीच्या जाळ्या मागं सारलेल्या. जिथं पावसात पाणी साचून पाय रुतायचा तिथं चपटे दगड नीट बसवलेले. मधोमध माती पायांनी चोपून गुळगुळीत झालेली. वाट वापरात आहे की नाही हे विचारायची कुणाला गरज उरली नाही.

"हे कुणी केलं?" साहेबांनी आपल्या माळ्याकडे बघितलं. माळ्यानं नकारार्थी मान हलवली.

"तुमची सावड व्हती," बायको म्हणाली. "तुमची धा मानसं आलती आवनीला. धा बुधवार दिलं. तुमच्या फुलझाडांतला मला काय कलत नाय. वाट कलते, म्हनून वाट केली."

साहेबांनी बुटाच्या टोकानं एक दगड दाबून बघितला. मग म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या वेळी काही कपट दिसलं नाही, आणि शोधलं नाही असं म्हणता येणार नाही.

बाईंनी तिथंच उभ्यानं लिहिलं की वाट चालू वहिवाटीत आहे. मग पंचांच्या आणि वाट वापरणाऱ्यांच्या सह्या सुरू झाल्या. मी खिशातून पेन काढून पुढं झालो. बाईंनी कागद थोडा बाजूला घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, तुमची राहू द्या. तुमच्या सह्या त्या वहीत पुष्कळ झाल्यात." त्यांनी कागद बायकोपुढं धरला. तिनं जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत सही केली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. खांब रोवले, पण वाट मधे मोकळी सोडून. फाटकं तशीच राहिली, कुलूप न लावता. आणि एका बुधवारी बायको लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, "माजा पास सरंल आता. मला तुमचा तो पालना बघायचाय."

आम्ही गेटनं गेलो. गार्ड मुलीनं वही पुढं केली. बायकोनं कारणाच्या रकान्यात माझ्या आधीच्या ओळी बघून तेच लिहिलं. तिच्या बाबतीत ते खरं होतं. पाळणावाल्यानं दोन घंट्या दिल्या. वर जाताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि टोकाला पोचल्यावर सोडलं. ती वाटेकडे बघत होती.

"समदा दिसतो की इथना," ती म्हणाली. "मंग मी पन दिसत असन तुमाला."

"दिसायचीस."

"मंग कदी हात का नाय केला?"

"कुनाला?"

"मला. तुमची पांडरी टोपी वर आली का मी करायची खालना. दोनदा. तुमची घंटी, तशी."

पाळणा खाली उतरायला लागला. काचेचं ऑफिस जवळ आलं आणि मागं गेलं. खोटं बोलता आलं असतं. ऊन डोळ्यांवर यायचं, असं म्हणून सुटलो असतो.

"मला वाटला तू साह्यबाला खुणा करतेस," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तिला आधी ते कळलंच नाही, आणि मग हळूहळू कळलं, आणि ते कळताना मी बघत होतो. एवढी लाज मला बाईंनी त्या वहीची पानं उलटली तेव्हाही वाटली नव्हती. उरलेल्या फेऱ्यांत ती शेताकडे तोंड करून बसली.

घरी जाताना ती गेटकडे वळली नाही. वाटेला लागली. ती पुढं, मी तिच्या मागं, तिनंच बसवलेल्या दगडांवर पाय देत. दुखऱ्या गुडघ्यामुळं मी बराच मागं पडलो. ती एकदाही थांबली नाही, मागं वळली नाही. पाड्याच्या बाजूच्या फाटकाशी पोचली, ते उघडलं आणि पाठमोरीच, हातानं धरून उभी राहिली, मी बाहेर येईपर्यंत.